क्यूटीला बघायला जायचं ठरतंय

सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या पंपाशेजारी
आम्ही सात जण. प्लास्टिकच्या खुर्च्या सहा.
घोन्साल्विस उभाच राहतो,
बसलो की गुडघा उठू देत नाही म्हणतो.
विषय एकच : क्यूटी सापडली.

तांडेलच्या नातवाने फोटो दाखवला,
कुठल्याशा थंड देशात, गवतावर,
चाकांखाली लाकडी ठोकळे,
नाकाला नवा रंग, शेपटीवर भलत्याच कंपनीचं चिन्ह.
पण मागच्या दाराखाली जो ठिगळाचा पत्रा आहे
तो आमचा. एकोणऐंशीचा. कलिन्याचा.
विमान नपुंसकलिंगी असेल व्याकरणात,
हँगरमध्ये ती नेहमी ‘ती’च होती.

एका दिवसाची सहल. म्हणजे तिथला एक दिवस.
त्याच्या अलीकडचं-पलीकडचं पाटणकरबाई बघतील.
चौतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं त्यांनी,
सहीशिवाय एक वॉशर दिला नाही कुणाला.
त्यांच्या वहीत रकाने तयार :
हॉटेल ते संग्रहालय, बसने दोन तास दहा मिनिटं.
उघडतं दहाला. मिटतं चारला, हिवाळ्यात तीनला.
दहा जण असले तर तिकिटात सूट.
आम्ही सात.
उरलेले तीन कुठून आणायचे, यात पाऊण तास गेला.
मुकादम म्हणाला, बायकांना नेऊ.
घोन्साल्विस म्हणाला, माझी येईल,
पण विमानाकडे पाठ करून बसेल,
नाइट शिफ्टचा राग आहे तिचा, जुना.

मध्येच डोक्यावरून एक गेलं.
सगळे गप्प. माना वर, छताकडे.
“निओ,” तांडेल म्हणाला.
“चाकं लवकर सोडलीन,” मुकादम म्हणाला.
मग पुन्हा दशम्या न्यायच्या की तिथलं सँडविच.

बाईंनी चष्मा पुसून नियम वाचले :
खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत.
धावू नये. (इथे घोन्साल्विस हसला.)
प्रदर्शित वस्तूंना हात लावू नये.

“वस्तू,” तांडेल म्हणाला. एवढंच.

डाव्या चाकाच्या कप्प्यात, तिसऱ्या ओळीत
एक रिव्हेट वाकडा आहे त्याच्या हातचा,
पहाटे चारला मारलेला आणि चारलाच पास झालेला.
चाळीस वर्षं मनात खुपतोय.
तेव्हा ठरलं असं :
रखवालदाराला मी गाठायचं, इंग्रजीतून, लांबलचक.
ऑडिटला आलेल्यांना बोलण्यात गुंतवायचं काम
शेवटी शेवटी माझ्याकडेच असायचं.
तेवढ्यात तांडेलने आत हात घालावा.
हात पुरला नाही तर? घडीचं स्टूल.
स्टूल हातसामानात चालतं का, बाईंनी टिपून घेतलं.

पण तांडेलचं गुरुवारी भलतंच झालं.
जन्मभर विमानं परदेशी धाडली,
पासपोर्ट काढला तो आत्ता, त्र्याहत्तराव्या वर्षी.
व्हिसाच्या ऑफिसात काचेवर बोटं ठेवली,
काच काही ओळखेना.
“काका, पुसून ठेवा.” पुसली.
“जरा दाबून.” दाबली.
पोरगी चांगली होती, ओलं फडकं दिलं तिने.
दहातली चार उमटली, तीही अर्धवट.
बाकीची कानशीने, केरोसिनने, हायड्रॉलिकच्या तेलाने
केव्हा पुसून नेली, त्याला कळलंही नव्हतं.
“काय काम करायचात?” तिने विचारलं.
याने सांगितलं.
“म्हणजे पायलट?”
“नाही.”
पुढचं त्याला सांगता आलं नाही, मागे रांग होती.

सोमवारी पुन्हा बोलावलंय.
मुकादम म्हणतो, ग्लिसरीन चोळ.
घोन्साल्विसची बायको म्हणते, आठ दिवस भांडी घासू नकोस,
जसा काही हा घासतो.
तांडेल बोटांकडे बघत बसतो,
मीटरचा आकडा वाचावा तसा, जवळ धरून, लांब धरून.

तारीख अजून ठरलेली नाही.
बाईंच्या वहीत त्याच्या नावापुढे
बारीक अक्षरात आहे : बोटं, येणे बाकी.
स्टोअर्समध्ये असंच लिहायच्या त्या,
माल मागवलेला असला की.