चार नंबरची चड्डी

झ्विकाउच्या क्लबात अठरा वर्षं मी कपडे धुतले.
फोल्कमारची चड्डी नंबर न बघता ओळखायचे:
उजव्या मांडीवर हिरवा डाग,
बैलाच्या पित्ताच्या साबणालाही न जुमानणारा,
डावी बाजू कोरी.
एकाच कुशीवर घसरायचा तो, झोपेतल्यासारखा,
उठायचा तेव्हा
समोरच्याच्या पायात चेंडू नसायचा.

पेपरात गोल मारणाऱ्यांची नावं.
त्याचं एकदाच आलं,
स्वतःच्याच जाळीत मारला तेव्हा.
त्या रात्री मोजे स्वतःच धुऊन आणले त्याने.
नीट निघाले नव्हते.

मग गुडघा. मग दुसरा डॉक्टर.
मग बाक.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी
चार नंबर परत आली,
इस्त्रीची रेघ तशीच.
मी साबण घेतला
आणि घासत बसले
उजवी बाजू.