दोन शब्द

ओपेलूससच्या परवाना कचेरीत, तिसऱ्या खिडकीवर,
मी दिवसभर एवढंच म्हणते :
"चष्मा काढा. इकडे बघा. हसलात तरी चालेल."
इथं सगळे मला मिस वैजू म्हणतात.
वैजयंती लुइझियानाच्या जिभेवर मावत नाही.

एकसष्ट नंबर. एल्टन फ्रूजे.
बाकीचे वर्षानुवर्षं फिरकत नाहीत,
त्याला मात्र दरवर्षी यावं लागतं, वाढदिवसाच्या आठवड्यात.
इस्त्रीचा शर्ट. नखांत काळं ऑइल,
बोटींची इंजिनं दुरुस्त करतो बायूच्या काठाला.

जुनं कार्ड काचेखालून सरकवतो, पालथं.
मी सुलटं करते. करावंच लागतं.
फोटोखाली नारिंगी, ठळक, दोन शब्द,
त्यांच्यावर चिकटपट्टी ओढून काढल्याचा
मळकट गोंद.
मी गोंदाबद्दल विचारत नाही.

तोच बोलतो, काउंटरच्या कडेशी बोलावं तसं :
खोकल्याचं औषध घ्यायला गेलो
तर दुकानातली पोरगी आधी कार्ड वाचते,
मग माझ्याकडे बघते, मग मॅनेजरकडे.
मागच्या वादळात निवाऱ्याच्या दारातच कार्ड मागितलं.
रात्र ट्रकमध्ये काढली, पाणी दाराला लागेपर्यंत.
मी "हं" म्हणते.
मिस वैजू "हं" फार छान म्हणते.

"अक्षरं जरा बारीक नाही का होत?"
"आकार मशीन ठरवतं."
आणि माझ्या हातात असतं तरी...
हे वाक्य पाच वर्षं मी पुरं केलेलं नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याचं नाव शोधलं होतं.
यादी सगळ्यांना खुली आहे.
मुलीचं नाव नव्हतं. वय होतं. बारा.
भाजीत बुडवलेला घास तसाच डब्यात ठेवून
झाकण लावलं.

बारा म्हणजे सातवी.
सातवीच्या जूनमध्ये आईनं पोस्टकार्ड पुढ्यात टाकलं :
महिनाभर राहून आलीस, खुशालीचं पत्र नको?
आधी मायना.
तीर्थस्वरूप अप्पासाहेब यांस शिरसाष्टांग नमस्कार.
मी म्हटलं, नुसतं अप्पासाहेब लिहिते.
आई म्हणाली, असं कसं, रीत असते.
शाई माझी, बोरू माझा,
अक्षर तर माझंच, वळणदार,
तालुक्यात पहिलं आलेलं.
तीर्थ लिहिताना रफार डगमगला
तर तिनं नवं कार्ड आणून पुन्हा लिहायला लावलं.

त्यांच्या रेशनकार्डावर, मतदारयादीत,
पतपेढीच्या संगमरवरी पाटीवर
नावाआधी श्री. आहे.
नावाखाली काही नाही.

मशीनमधून कार्ड येतं, कोमट.
एल्टन त्याच्यावर फुंकर घालतो,
जणू अक्षरं अजून ओली आहेत,
आणि पाकिटात सारतो, तोंड आत करून.
"थँक यू, मिस वैजू."
मी "जपून जा" म्हणून जाते.
त्याच्याबद्दल वाईट वाटतं असं नाही.
वाटत नाही असंही नाही.
बासष्ट नंबर. चष्मा काढा.

संध्याकाळी फोनवर मुक्तावहिनीचा निरोप :
रविवारी अप्पासाहेबांचं सहस्रचंद्रदर्शन.
सगळे पाठवताहेत, तूही दोन शब्द पाठव,
व्हिडिओ चालेल. तू तर त्यांची लाडकी.

हजार चंद्र पाहिले म्हणे त्यांनी.
त्यातला एक मीही पाहिला होता,
माडीच्या गजांतून,
मान तिकडे फिरवून,
संपेपर्यंत.

पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर केल्या.
फोन स्टिअरिंगला टेकवला.
चष्मा काढला. इकडे बघितलं.
लाल ठिपका लागला.
एक मिनिट अकरा सेकंद
मी पापणीसुद्धा हलवली नाही.
मग आहे तसा पाठवून दिला.

तिकडे पहाट झाली असावी.
लगेच उत्तर :
आवाज येत नाहीये गं.
परत पाठव.