भांग आणि उधाण

दिवाळ्याच्या जेट्टीवर चांगुणा निवट्या विकते,
पाटीत जिवंत, एकमेकींच्या अंगावरून घसरणाऱ्या.
मी दर रविवारी बोंबील घेते, पावशेर.
पाच वर्षं पावशेर.
या खेपेला तिनं तराजू उचललाच नाही.
"बाय गो, अजून कती दिस पावशेर?"

वजनाचं मला काय सांगतेस, म्हटलं,
वाशीला कांदा-बटाटा मार्केटात
मी दिवसभर क्विंटल लिहिते.

मग तिनं सांगितलं, बर्फ हातानं सारत,
खोकल्यावरचा काढा सांगावा तसं:
कांदलाची शेंग घे, झाडावरच मोड आलेली.
हात लावल्यावर सुटंल तीच.
वढावी लागंल ती तुझी नाय.
एकच घे. आन त्याच्या नावान लावू नको, तुझ्या नावान लाव.
त्याला नाव असंल तं तो आलाच हाय, मंग शेंग कनाला?
भांगाला नको जाऊ. उधानाला जा.

भांग मला केसांतलाच ठाऊक.
तिच्या नातवानं समजावलं, मोबाइलवरून मान न उचलता:
अष्टमीच्या आसपास समुद्र दमतो,
धड चढत नाही, धड उतरत नाही,
त्या अर्ध्यामुर्ध्या पाण्याला भांग म्हणतात.
म्हणजे माझा भांग रिकामा होता असं नाही.
लग्नाची बारा वर्षं
त्यात हेच पाणी होतं.

उधाण आलं नेमकं सर्वपित्रीला.
सोसायटीच्या कठड्यावर पानं, खीर, कावळ्यांची घाई.
आईचा फोन: आज नवं काही करू नकोस हं.
मी नेरुळहून रिक्षा केली.

सहाला पाणी उतरलं, आणि खाडीनं
आपलं खरं अंग दाखवलं, काळं, भोकाभोकांचं, चकाकतं.
प्रत्येक भोकाच्या दारात एक खेकडा,
एक नांगा इवला, एक अंगापेक्षा मोठा, केशरी,
आणि सगळे तो वर करून हलवतायत,
ये, ये, ये,
कुणी बघत असो नसो.
एवढं उघडं मागणं मी माणसांत पाहिलेलं नाही.
मला त्यांच्या वतीनं लाज वाटली,
मग माझ्या वतीनं.

पहिली शेंग सुटली नाही. दुसरीही नाही.
तिसऱ्या झाडाला बोट लागलं न लागलं
आणि ती तळव्यात आली, वीतभर, थंड,
टोकाशी तांबूस, जड.
बीज नव्हतंच ते. आईच्या अंगावरच
जन्मून बसलेलं रोप, फक्त जमिनीची वाट बघत.

गुडघ्यापर्यंत गेले. डावी चप्पल चिखलानं घेतली,
परत दिली नाही.
शेंग रोवली, सरळ, मनगटापर्यंत हात आत.
पण बोलायचं काय, ते विचारायचं राहून गेलेलं.
म्हणून मी माझं नाव घेतलं,
शाळेच्या हजेरीत घेतात तसं, माहेरच्या आडनावासकट:
अनसूया रघुनाथ तांडेल.
आणि मीच म्हटलं, हजर.

पुढे काही झालं नाही.
चतुर्थी, अष्टमी, कोजागिरी.
फ्रिजवर भरती-ओहोटीचा तक्ता लागला.
मी येत-जात राहिले, जुन्या चपला घालून.
दोन पानं फुटली. एक खेकड्यानं खाल्लं.
चांगुणा म्हणाली, खाऊ दे, त्यालापन घर हाय.

आणि परवा, गाळ्यावर,
कांद्याच्या रकान्यात मी लिहून बसले
चार पूर्णांक बासष्ट.
बोऱ्हाडे मापाडी चिठ्ठी घेऊन आले,
जुन्नरकडचे, कमी बोलणारे, कानामागे पेन्सिल.
"तांडेल बाई, एवढा कांदा आलाच नाही."
कांदा नाही, म्हटलं, पाणी आहे.
मीटरमध्ये.
आणि एकदा तोंडातून गेलं म्हणून सगळंच सांगितलं,
खेकडे, चप्पल, उरलेलं पान.

ते हसले नाहीत.
पेन्सिल काढली, आकडा खोडला, पुन्हा कानामागे लावली.
"चिखल किती खोल?"
गुडघाभर.
"माझ्या की तुमच्या?"

मापाला निघून गेले. गोण्या चढल्या, उतरल्या.
पाच वाजता दाराशी येऊन उभे,
अंगाला कांद्याची टरफलं,
हातात काही नाही.
"उद्या ओहोटी कितीला?"

मी वेळ सांगितली.
मिनिटंसुद्धा सांगितली.