बत्तीस नंबरचं पातं

वनकुसवड्याच्या सड्यावर
बत्तीस नंबरची पवनचक्की थांबवलीय.
एक पातं सरळ खाली,
सहाच्या काट्यासारखं.

निलोफर मुल्लानं जीपमधून काढलं
ते चार पंखांचं यंत्र, भाकरीच्या दुरडीएवढं.
"काका, जरा मागं सरा," म्हणाली.
मी सरलो.
अठरा वर्षांत पहिल्यांदाच
तपासणीच्या दिवशी
दोन्ही पाय जमिनीवर.

आधी हे दोन दिवसांचं काम.
आतली शिडी, ग्रीसचा वास,
मग माथ्यावरून दोर सोडून
पात्याच्या कडेकडेनं उतरायचं.
वारा शर्टात शिरून फडफडायचा.
बोटाच्या पेरानं ठोकत यायचं खाली,
टण, टण, टण,
ठप्प.
ठप्प वाजलं की आत पोकळ.
तिथं खडूची फुली.

यंत्राला ठोकता येत नाही.
ते वर गेलं, हेलकावलं, सावरलं,
आणि घाम आला
माझ्या तळव्यांना.

पडद्यावर पातं इतकं जवळ
की मेलेल्या किड्यांचे पाय मोजावेत.
"ही चीर का, काका?"
घाण. पावसात जाईल.
"आणि ही?"
ही चीर. केसाएवढी. लिही.

मग टोकापासून चारेक मीटरवर
लांबीचं जुनं ठिगळ,
आणि ठिगळात उमटलेला अंगठा.
रेघ न् रेघ,
मधून तिरका व्रण.

शाळेत असताना कोयता लागला होता
धुळा झोऱ्याला.
लांबी ओली होती त्या दिवशी
आणि हातमोजे घालायचा त्याला कंटाळा.
पुढच्या वर्षी, एकोणीस नंबरवर,
दोर नवा होता, हूक नवा होता,
कडी आतून गंजलेली.
ती या यंत्रालाही दिसली नसती.
पण मग
वर कुणी नसतंच ना.

"काका, हे कशात टाकू?
यादीत चीर आहे, झीज आहे, वीज आहे, इतर आहे."
बॅटरी अठरा टक्के.
थोडं थांब, म्हटलं.

यंत्र तिथंच उभं राहिलं भर वाऱ्यात
अंगठ्यासमोर,
मला कधी जमलं नसतं
इतकं स्थिर.

लिही, म्हटलं,
दुरुस्ती पक्की आहे.
हात लावू नका.