बी. ए. जर्मन

"जर्मन?" आत्या म्हणाली, "म्हंजे भांडी?"
तिच्या मोरीत जर्मनचं पातेलं होतंच,
बुडाला काळं, काठाला पोचे आलेलं,
ज्यात ती वीस वर्षं अंघोळीचं पाणी तापवते.
"नाही गं, भाषा."
"मग त्याला तीन वर्षं कशाला लागत्यात?"
ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही
आणि तिसरं वर्ष संपत आलंय.

पहिल्या वर्षी आम्ही एकवीस होतो.
दोघं पोलीस भरतीला पळाली,
चौघींची लग्नं झाली,
प्रथमेश चौगुले वडलांच्या खताच्या दुकानात बसला
आणि बाकीचे नुसतेच यायचे थांबले.
उरलो सात. सागरमाळावरच्या त्या खोलीत
खिडकीबाहेर मोर ओरडला की
नेर्लेकर मॅडम खडू रोखून विचारतात,
"डेर, डी, की दास?"
डेर प्फाउ.
प आणि फ एकदम सोडायचे.
सात कुकर शिट्टी न होता वाफ सोडतात.

तीन लिंगांची भीती आम्हाला कधी नव्हती.
तो दगड, ती वीट, ते ढेकूळ,
हे आम्ही पाटीच्या आधी शिकलेलं.
फक्त त्यांच्याकडं सूर्य ती आहे,
आणि मुलगी – मॅडम जरा थांबल्या,
चूक त्यांचीच असल्यासारख्या – मुलगी ते.
मागनं समीना मुजावर म्हणाली,
"आमच्यातबी हाय की मॅडम.
लग्न ठरूस्तवर लेकरू. तेबी 'ते'च."

मग परीक्षेला पुण्याला गेलो.
होय, गेलो.
आमच्याकडं पोरीसुद्धा गेलो म्हणतात,
आलो, बसलो, जेवलो, आणि कुणी वळून बघत नाही.
तिथं रांगेतल्या दोघी ओठातल्या ओठात हसल्या.
"तू आलो?" एकीनं विचारलं. गोडच विचारलं.
मी नंतर तासभर तोंड उघडलं नाही.
आत तोंडी परीक्षेत बाई म्हणाल्या, सांगा स्वतःबद्दल.
इश् कोमं आउस कोल्हापूर.
क्रियापदानं मला काहीही विचारलं नाही.
पँट की पदर, आलो की आले,
त्याला त्याचं काही पडलेलं नव्हतं.
कोमं.
मी तो शब्द गरजेपेक्षा दोनदा जास्त म्हटला.

वडील उद्यमनगरात लेथवर असतात.
मशीन त्यांच्यापेक्षा थोरली,
आरवाडे शेठनी भंगारातनं उचललेली.
(मशीन ती. दोन्हीकडं ती.)
वडलांचं उजवं बोट एका पेरानं कमी आहे,
मी बालवाडीत होतो तेव्हापासून.
दिवाळीच्या सुट्टीत डबा द्यायला गेलो,
तर हेडस्टॉकच्या कडेला, हिरव्या रंगाच्या चार थरांखाली
अक्षरांचे उंचवटे दिसले.
नखानं खरवडलं. मग किल्लीनं.
नुअर बाय श्टिलश्टांड श्मीरन.
मॅडम सांगतात, आधी शेवटाला जा,
हे लोकही आपल्यासारखेच
काम वाक्याच्या टोकाला ठेवतात.
तेल घाला.
थांबलेली असताना.
फक्त.

"मोठ्यानं वाच," वडील म्हणाले.
वाचलं. आधी त्यांचं, मग आपलं.
त्यांनी हात पुसले, चिंधीनं पाटीही पुसली.
"हे हितंच हुतं व्हय इतकी वर्षं?"
"होय."
"चांगलं लिवलंय की."
आणि डबा उघडून बसले.
भाकरी मोडताना मी त्यांच्या हाताकडं बघितलं नाही,
वांग्याकडं बघितलं.

जेवण झाल्यावर त्यांनी नव्या पोराला हाक मारली,
कागलहून आलेलं, मिसरूड न फुटलेलं.
"ह्याला सांग काय लिवलंय."
मी सांगितलं.
पोरगं म्हणालं, "आणि त्यांच्यात कसं म्हणत्यात?"
श्टिलश्टांड म्हणायला त्यानं तीनदा जीभ चावली
आणि तिन्ही वेळा हसलं.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा
पाटीखाली खडूनं, वडलांच्या अक्षरात:
थांबल्यावर त्येल.
'फक्त' राहून गेलंय.
अर्धा मार्क जातो ह्याचा.
खडू तिथंच होता, ड्रॉवरवर.
अक्षरं पुसट व्हायला लागली होती.
मी त्यांच्यावरनंच गिरवलं,
'त्येल'सकट.