शनिवारचं झाड

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. रस अल खैमा.
शाळेच्या कुंपणामागची मोकळी जागा,
सकाळचे सहा चाळीस, अंगावर अजून स्वेटर.
जानेवारीत दोन दिवस पाऊस पडला, तेवढ्या भांडवलावर
खडीतून बरंच काही वर आलंय :
सराटा, पिवळ्या फुलांचा, तळपायाच्या ओळखीचा,
आणि डोंगराकडच्या उतारावर चक्क आंबट चुका,
लाल कागदी फळं मिरवत उभा.
कुणी जुडी बांधत नाही, कुणी भाव विचारत नाही.
एक पान चावलं. दात आंबले.
वहीत लिहिलं : तोच आहे.

मी प्रयोगशाळेत मदतनीस, राहते आवारातच.
बरण्या पुसते, भिंगं मोजून ठेवते.
फुलांची नावं मला कुणी विचारत नाही,
म्हणून मीच ती मोठ्यानं म्हणते.

पुढच्या फाटकाशी पेटुनिया.
ट्रकमधून आल्या, रांगेत बसल्या,
नळीतून थेंब थेंब पाणी पितात, वेळेवर.
जांभळी, पांढरी, जांभळी, पांढरी.
एक माशी बसते, उठते,
तिला काही पटलेलं दिसत नाही.

मागे, पाण्याच्या मीटरला टेकून, रुई.
आपल्याकडच्या रुईची चुलत बहीण म्हणा,
फुलांच्या टोकांना वांग्याचा रंग.
पान तुटलं की तोच चीक, आणि कानात
आईची तीच ओरड : डोळ्याला हात लावू नकोस.
मार्चच्या तीन तारखेला पानांखाली
अकरा अळ्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या,
पाठीवर शिंगांच्या तीन जोड्या.
खाणं असं, की कान लावला तर ऐकू यावं.
लावला. नाही आलं.

चार तारखेला मोफिझुल कोयता घेऊन आला.
सिल्हेटचा. बागेचं कंत्राट त्याच्या मालकाकडे.
"मॅडम, ये जंगली है. साहब बोला, काटो."
मी म्हणाले, नको, हे आमच्या देवाचं झाड,
शनिवारी मारुतीला याच्या पानांची माळ घालतात.
घालतातच. पण मी
नऊ वर्षांत एकदाही घातलेली नाही,
आणि वाचवायच्या होत्या अळ्या.

मोफिझुलनं कोयता खाली ठेवला.
झाडाभोवती गोल पांढरे दगड मांडले,
आणि दर शनिवारी, न सांगता, एक बादली पाणी.
रुईला पाणी लागत नाही
हे मी त्याला सांगू शकले नाही.

एक अळी गांधीलमाशीनं नेली,
तिघींचं काय झालं कळलं नाही.
उरलेल्या सातांचे कोष झाले, फिकट हिरवे,
वरच्या कडेला सोनेरी ठिपके.
मग तीन दिवस शमाल सुटला,
खिडक्या पिवळ्या, दातांखाली वाळू.
पानं फडफडून फाटली. कोष देठाशी घट्ट.

सव्वीस मार्च, पावणेसात. एक उकलला.
केशरी, काळ्या काठाचा, काठात पांढरे ठिपके,
पंख अजून ओले, चुरगळलेले.
मोफिझुलला हाक मारली.
तो उकिडवा बसला, बराच वेळ.
मग हळूच म्हणाला,
"मॅडम, शनिवारवाला भगवान ये है?"
मी हसले नाही.

मे. पेटुनिया उपटून काळ्या पिशव्यांत गेल्या.
मोफिझुलची बदली दिब्ब्याला.
रुईची बोंडं तडकली, म्हाताऱ्या सुटल्या,
त्यातली एक मीटरच्या काचेला चिकटून बसलीय
आणि तिच्याखाली आकडे फिरतायत.
आज शनिवार, बेचाळीस अंश.
बादली भरून मागे चालले आहे.
लागत नाही. माहीत आहे.