आठे हात नको लावजो

चोपड्यात, केळीच्या काट्यामागच्या खोलीत
हिलाल आप्पांचं जुनं प्लग-इन
नव्या कंपायलरच्या घशाखाली उतरत नाही.
एकेचाळीस एरर.
काम एवढंच, घडांच्या वजनातून दांडा वजा करायचा.

आप्पांचा ‘लाँग’ चार बाइटचा,
इथला आठचा.
मणसुद्धा गावागणिक बदलायचाच की.

एक हेडर जोडलं,
तीस एरर एकदम गळाले.
उरले ते चिवट.
दोनशे बाराव्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंट:
आठे हात नको लावजो.

लावला, आप्पा.

बिल्ड झालं.
बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होता.
शीट उघडली तर रकानाभर नुसत्या जाळ्या,
########
पोटात गोळा.

मागून वाकून बघत
तोलाईवाला सुभान तडवी म्हणाला,
ताई, खाना रुंद कर ना.

केला.
दांडा जाऊन अठरा क्विंटल चाळीस.